मनूचा उजवा डोळा

मित्रांनो, मी एक म्हातारी कोंबडी आहे. हे ऐकल्याबरोबर तुमच्यातल्या निम्म्यांच्या डोळ्यांसमोर वडे आणि गरम रस्सा आला असणार, मला ठाऊक आहे. असू द्या, त्यात तुमचा दोष नाही. पण आज घटकाभर पोटाचा विचार बाजूला ठेवा आणि माझ्या डोळ्यांकडे बघा. डावा लख्ख आहे. गॅलरीच्या या टोकाला बसून त्या टोकाला सांडलेला तांदळाचा दाणा मी हेरते. उजव्यानं मात्र चोचीपुढचं तेवढं दिसतं, त्यापलीकडे सगळा आनंद आहे. म्हणून मी मान वाकडी करून बघते आणि चाळीतली पोरं मला 'तिरपी मनू' म्हणतात. म्हणोत बापडी!

माझा जन्म परळचा. आई कोण, अंडं कुठून आलं, ते काही मला विचारू नका. मी बाहेर आले ती एका प्रयोगशाळेतल्या अंडी उबवायच्या यंत्रात. आजूबाजूला माझ्यासारखीच पिवळी पिल्लं आणि डोक्यावर एक गरम बल्ब. आम्ही त्या बल्बलाच आई समजायचो आणि त्याच्याखाली एकमेकांच्या अंगावर चढून झोपायचो. हसू नका हं. ऊब देणारं दुसरं कुणी नसलं की बल्बसुद्धा आई होतो.

त्या प्रयोगशाळेत सुचित्रा नावाची संशोधक होती. तिचा हात फार हलका. पहिल्याच आठवड्यात तिनं मला तळहातावर घेतलं, "झालं हं, झालं बाळा," म्हणत माझ्या उजव्या डोळ्यावर नखाएवढी दुधी प्लास्टिकची वाटी चिकटवली. तिला ते लोक गॉगल म्हणायचे. तसली वाटी तिथल्या बहुतेक पिल्लांना होती, आणि तीही एकाच डोळ्याला. वाटीतून उजेड आत यायचा, पण चित्र येत नसे. न्हाणीघराच्या दुधी काचेतून बाहेर बघावं तसं. पहिल्या दिवशी मी पाण्याच्या भांड्याला धडकले, मग शेजारणीला धडकले, आणि मग गप्प एका जागी बसून राहिले.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला पिंजऱ्यात बसूनच कळलं. राजलक्ष्मी मॅडम तिथल्या मुख्य. नवे विद्यार्थी आले की आमच्या पिंजऱ्यासमोर उभं राहून त्या शिकवायच्या. विद्यार्थी जांभया द्यायचे. मला दुसरा उद्योग नव्हता, म्हणून मी ऐकायचे. तुम्हीही ऐका. माझ्या आयुष्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मी अशी फुकटात शिकले.

पिल्लू असो की माणसाचं मूल, त्याचा डोळा अंगाबरोबर वाढत असतो. किती वाढायचं आणि कुठे थांबायचं, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पडदा असतो. बाहेरच्या जगाचं चित्र त्याच्यावर पडतं. चित्र स्वच्छ असलं आणि उजेड भरपूर असला, की पडद्यातल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडतात. त्याचा निरोप एवढाच, 'बास, आता वाढू नकोस.' चाळीत निरोप एका दारातून दुसऱ्या दारात जातो ना, तसा हा एका थरातून दुसऱ्या थरात जातो आणि शेवटी डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या कवचापर्यंत पोचतो. निरोप पोचवणारी रसायनं आणखीही आहेत, पण त्यांची नावं इतकी लांबलचक की मॅडमनाच ती उच्चारता यावीत.

आता समजा, चित्र धूसर पडलं आणि उजेडही बेताचा असला. मग 'थांब' म्हणणारा आवाजच बसतो. कवच ढिलं पडतं आणि डोळा मागच्या मागे लांबत जातो. लांबलेल्या डोळ्यात दूरच्या वस्तूचं चित्र पडद्यावर पडत नाही, अलीकडेच कुठेतरी पडतं. मग जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही. आणि गंमत बघा, या कारभारात मेंदूला फारसं कुणी विचारतसुद्धा नाही! डोळ्यातल्या डोळ्यात सगळं ठरतं. म्हणून तर माझा गॉगल लावलेला डोळा बिघडला आणि शेजारचा ठणठणीत राहिला.

माझा उजवा डोळा अगदी पुस्तकात छापावा तसा बिघडला. मॅडम विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "हा बघा, काय सुंदर लांबलाय!" सगळे माझ्याभोवती गोळा झाले. मी छाती फुगवून उभी राहिले. आपलं कौतुक कशाबद्दल चाललंय ते त्या वयात कुठे कळत होतं!

माझ्या सोबतची पुष्कळशी पिल्लं एकेक करून आतल्या खोलीत नेली गेली. त्यांच्या डोळ्यांत कुठल्या पेशीनं काय निरोप धाडला, ते तिथे तपासायचे. गेलेलं पिल्लू परत आलं नाही. आम्ही थोडी उरलो ती वेगळ्या कामासाठी. गॉगल काढल्यावर डोळा आपण होऊन सावरतो का, ते आमच्यावर बघायचं होतं. ज्यांचा गॉगल लवकर निघाला त्यांचा डोळा ताळ्यावर आला. माझा निघाला फार उशिरा. तोवर अंगावर पांढरी पिसं आली होती, तुरा फुटला होता, आणि डोळा लांबला तो लांबलाच. मोजमाप संपल्यावर मला कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात ठेवलं आणि येणारे-जाणारे माझ्याकडे बघेनासे झाले.

अशात एक दिवस सुचित्राची मुलगी तिथे आली. तिचं नाव नूपुर. शाळेला सुट्टी होती आणि घरी कुणी नव्हतं, म्हणून आईनं तिला बरोबर आणलं होतं. नव्या पिल्लांना गॉगल चिकटवायचं काम चाललं होतं. नूपुर टाचा उंचावून बघत राहिली. मग विचारलं, "आई, हे कशाला गं लावतेस?"

सुचित्राच्या एका हातात पिल्लू, दुसऱ्या हातात गोंद. मान वर न करता ती म्हणाली, "हे लावलं ना, की डोळा बिघडतो. कसा बिघडतो ते बघायचंय. आता मध्ये मध्ये नको येऊस, गोंद सुकतोय."

उत्तर खोटं नव्हतं. पण अर्धं होतं. मुलांना अर्धं उत्तर दिलं की उरलेलं अर्धं ती स्वतः तयार करतात. नूपुर माझ्या पिंजऱ्याजवळ आली, माझा तिरपा डोळा बराच वेळ न्याहाळत बसली, आणि तिनंच माझं नाव मनू ठेवलं. पुढे ती आईच्या मागेच लागली. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या कमिटीची रीतसर परवानगी मिळाली आणि एका संध्याकाळी मी टोपलीत बसून डिलाईल रोडच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले.

काय सांगू मित्रांनो, पहिल्या सकाळी गॅलरीत ऊन आलं आणि मी वेडीपिशी झाले. इतका उजेड मी जन्मात बघितला नव्हता. पंख पसरून तिथेच लोळले. शेजारच्या राधाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मालवणकडच्या बाई, मनात आलं की तोंडावर. "गे सुचित्रा," त्या म्हणाल्या, "ही कोंबडी नुसती बसान खाता! अंडी पण धड देणा नाय. एका आयतवारी वडे करून मोकळी हो गो!" मी ताडकन उठून नूपुरच्या फ्रॉकमागे लपले. पण याच राधाबाई पुढे रोज तांदूळ निवडताना माझ्यापुरते कण बाजूला काढायच्या, आणि चाळीतला तो लबाड बोका माझ्या उजव्या बाजूनं दबकत आला की चप्पल फेकून मारायच्या. माझी उजवी बाजू आंधळी आहे हे त्या मेल्याला कसं कळलं होतं, देव जाणे.

नूपुरची आणि माझी चांगली गट्टी जमली. पण चौथीत गेल्यापासून तिचं बाहेर येणं कमी झालं. शिष्यवृत्तीची परीक्षा होती. समोर जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर उठत होता, त्याची धूळ येते म्हणून गॅलरीचं दार लोटलेलं असायचं. ट्यूबलाइटखाली पोरगी पुस्तकात नाक खुपसून बसे. खरोखरच नाक खुपसून. खाली चेंडू खेळायला गेली तर झेल सुटायचे. एकदा पोरं हसली, तेव्हापासून तिनं खाली जाणंच सोडलं.

एका दुपारी तिनं मला मांडीवर घेतलं. माझा डावा डोळा तळव्यानं झाकला आणि माझ्या उजव्या डोळ्यात बघत म्हणाली, "तुला असंच दिसतं ना गं मनू? सगळं पसरलेलं? मला पण दिसतं तसं. फळ्यावरचं काहीच कळत नाही." मग माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "आईला सांगू नकोस हं. ती मला पण गॉगल लावेल. मग माझे डोळे तुझ्यासारखे होतील."

माझ्या अंगावरचं पीस न् पीस उभं राहिलं. अगं वेडे पोरी, तो गॉगल वेगळा आणि चष्मा वेगळा! गॉगलनं चांगलं चित्र धूसर केलं. चष्मा धूसर चित्र स्वच्छ करतो. हे सगळं मला येत होतं, मॅडमच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं होतं. आणि तोंडातून निघालं काय, तर क्वाक् क्वाक्! कोंबडीच्या जन्माचा इतका संताप मला कधी आला नव्हता. पोरगी घाबरली होती ती माझा डोळा बघून. मीच तिचा पुरावा होते आणि मलाच बोलता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आई डोळ्यांची संशोधक, तिच्या लक्षात कसं येईना? अहो, ती तपासायची ना! अगदी नेमानं तपासायची. कपाटाच्या दारावर तिनं अक्षरांचा तक्ता चिकटवला होता, वर मोठं अक्षर आणि खाली लहान लहान होत जाणारी. शाळेची सहामाही सुरू झाली की नूपुरला समोरच्या भिंतीला टेकून उभी करायची आणि वाचून घ्यायची. पण तक्ता तोच, जागा तीच, वर्षानुवर्षं. येता-जाता, केस विंचरताना, डबा भरताना तो समोर. पोरीला तो आरतीसारखा पाठ झाला होता. डोळे मिटूनही शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवायची. आणि सुचित्रा तिच्या गालाला हात लावून म्हणायची, "गुणाची गं माझी! एकदम फर्स्ट क्लास!"

त्या वेळी मी सुचित्राच्या घोट्याला चोच मारली. एकदा नाही, दोनदा मारली. "मनू! काय झालंय तुला? भूक लागली होय?" म्हणत तिनं माझ्यापुढे मूठभर दाणे टाकले. आणि मी निर्लज्ज, खाल्लेसुद्धा.

असे बरेच महिने गेले. नूपुरचं पुस्तक नाकाच्या आणखी जवळ आलं. मी रोज बघत होते आणि रोज जीव जळत होता.

मग एका संध्याकाळी मी जिना उतरून चाळीच्या अंगणात गेले होते. नळापाशी भाताची शितं सांडली होती, सोडवेना. थोड्या अंतरावर एक पांढरी पिशवी वाऱ्यानं फडफडत होती. नूपुर वर कठड्याशी आली आणि हाका मारू लागली, "मनू! ए मनू, वर ये! बोका येईल बघ!" मी मान वाकडी करून वर पाहिलं. पोरगी माझ्याकडे बघतच नव्हती. ती त्या पिशवीला हाका मारत होती. "ये ना गं, अशी काय करतेस? रागावलीस का माझ्यावर?"

त्याच वेळी सुचित्रा कामावरून परतत होती. ती माझ्या अगदी शेजारी येऊन थांबली. तिनं मला पाहिलं, पिशवी पाहिली, वर लेकीला पाहिलं. लेकीनं हात हलवला नाही, कारण आई आलेली तिला दिसलीच नव्हती. सुचित्राच्या हातातली भाजीची पिशवी गळून पडली. टोमॅटो घरंगळत गेले आणि ते उचलायचंही तिला सुचलं नाही.

मला काखेत मारून ती जिना चढली. घरात शिरल्यावर नूपुरची पाठ वळलेली पाहून तिनं तक्त्याच्या खालच्या ओळींवर कोरा पांढरा कागद चिकटवला. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "चल गं, जरा वाचून दाखव."

नूपुर भिंतीला टेकून उभी राहिली. वरच्या ओळी म्हणाली. आणि मग कोऱ्या कागदावरची एकेक ओळ, एकही अक्षर न चुकता, भराभर म्हणून गेली. शेवटी हसून थांबली. शाबासकीची वाट बघत होती पोर.

सुचित्रा तिच्याजवळ गेली. "तिथे कागद लावलाय गं, नूपुर," ती म्हणाली. "तिथे काहीच नाहीये."

मग पोरीचा बांध फुटला. रडत रडत ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मला गॉगल नको! तूच म्हणालीस, लावला की डोळा बिघडतो. मनूचा बिघडला. मला नको, आई, प्लीज!"

त्या माउलीचा चेहरा मी विसरणार नाही. दिवसभर पिल्लांच्या डोळ्यांतले निरोप शोधणारी बाई, आणि घरच्या पोरीनं आईपासूनच सगळं लपवून ठेवलं होतं. तिनं लेकीला ओढून कुशीत घेतलं. मग दोघींच्या मध्ये मला ठेवलं आणि अगदी पहिल्यापासून सांगितलं. चांगलं चित्र मुद्दाम धूसर करणारा गॉगल काय आणि धूसर चित्र नीट करणारा चष्मा काय, सगळं. अर्धं नाही, पूर्ण. आणि शेवटी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "लॅबमध्ये पिल्लांना किती उजेड मिळतो ते रोज बघते मी. आणि घरात दार लोटून ठेवलं."

दादरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला, आणि तोही थोडाथोडका नाही. ते म्हणाले, आलेला नंबर उन्हानं जाणार नाही, पण चष्मा लावा, पोरीला मोकळ्या उजेडात खेळू द्या आणि दर सहा महिन्यांनी दाखवायला आणा, म्हणजे वाढ आवरता येईल. नूपुरचा बाबा वैभव माझगावच्या गोदीत वेल्डर. कामावर डोळे कसे जपायचे हे त्याला कुणी सांगायला नको. त्यानं लेकीसाठी निळ्या काड्यांचा चष्मा आणला.

चष्मा लावून नूपुर गॅलरीत आली आणि कठड्याला धरून उभीच राहिली. "राधाआजी, तुमच्या तुळशीला मंजिऱ्या आल्यात! समोरच्या टॉवरवर माणसं आहेत, चालतायत ती!" राधाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि ओरडल्या, "गो बाय माझे, बघून घे सगळा!" मग नूपुर माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. माझ्या बुबुळाभोवतीची नारिंगी कडा तिनं हातभर लांबून पहिल्यांदाच पाहिली. बराच वेळ बघितलं आणि आईला विचारलं, "मग मनूला का नाही चष्मा?"

सुचित्रा आमच्याजवळ खाली बसली. मग म्हणाली, "तिचा डोळा मी बिघडवला, नूपुर. तुझ्यासारख्या मुलांचे डोळे वाचावेत म्हणून. तिला विचारलं नव्हतं गं." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तोच हलका हात. मला तिचा राग आला का? खरं सांगू, नाही आला. फक्त आतल्या खोलीत गेलेल्या माझ्या भावंडांची आठवण आली.

तर मित्रांनो, म्हातारीचं एवढं ऐका. तुमच्या डोळ्यांविषयी जे थोडंफार कळलंय, त्याच्यापायी माझ्यासारख्या मुक्या जिवांनी पुष्कळ सोसलंय. ते वाया घालवू नका. उन्हात खेळा, पण सूर्याकडे रोखून बघू नका. आणि फळा दिसेनासा झाला की लगेच सांगा, घाबरून लपवू नका. मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

आता रोज संध्याकाळी गॅलरीचं दार सताड उघडं असतं. खेळून आली की नूपुर माझ्या उजव्या बाजूला येऊन बसते. डाव्या बाजूला कितीही जागा असली तरी उजव्याच बाजूला बसते. बोका जिन्यावरून डोकावला की तिची चप्पल आधी सुटते. "तू डावीकडचं बघ मनू," ती म्हणते, "उजवीकडचं मी बघते." आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच मान सरळ ठेवून बसते.